माज्जोरे सरोवर, स्त्रेझा आणि बोरोमिओ बेटे : संत चार्ल्स यांच्या जन्मभूमीचा परिचय

नागपूरच्या पश्चिम भागातील टेकडीला ‘सेमिनरी हिल्स’ हे नाव पडले ते तेथील संत चार्ल्स सेमिनरीमुळे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरमध्ये राहणारा ऑटोरिक्षाचालकही हे नाव जाणतो. परंतु हे संत चार्ल्स कोण, कोठले, आणि भावी धर्मगुरूंच्या विद्यालयाला त्यांचेच नाव का दिले गेले, हे आपल्यापैकी अनेक कॅथलिक कुटुंबांनाही नीटसे ठाऊक नसते.

संत चार्ल्स बोरोमिओ हे उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी असलेल्या अरोना या गावचे. त्याच काठावर उत्तरेस स्त्रेझा हे विश्रामस्थान म्हणून जगप्रसिद्ध असलेले नगर आहे, आणि त्याच्या समोर पाण्यात संतांच्या घराण्याचे नाव धारण करणारी बोरोमिओ बेटे आहेत. रोम, असिसी व पादुआची यात्रा करणारे आपले काही भाविक या सरोवरालाही भेट देतात. राजवाडे, उद्याने व मोर यांची छायाचित्रे घेऊन ते परततात. परंतु ज्या संताचे नाव आपण नागपुरात रोज उच्चारतो त्याच्या जन्मस्थानाजवळून आपण गेलो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या स्थळांची साद्यंत माहिती वाचकांना मिळावी, या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

सरोवर आणि त्याचा परिसर

माज्जोरे हे गार्दा सरोवराच्या खालोखाल इटलीतील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१२ चौरस किलोमीटर, लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि कमाल खोली ३७२ मीटर आहे. सेमिनरी हिल्सजवळचा फुटाळा तलाव संध्याकाळच्या फेरफटक्यात नजरेत मावतो. माज्जोरेचे एक टोक मात्र इटलीच्या सपाट प्रदेशात आणि दुसरे आल्प्स पर्वताच्या कुशीत, स्वित्झर्लंडच्या हद्दीत आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी ही खोल दरी कोरून काढली. तिचिनो नदी उत्तरेकडून सरोवरात शिरते आणि दक्षिणेकडून बाहेर पडून पुढे पो नदीला मिळते. पाण्याच्या या प्रचंड साठ्यामुळे काठावरील हवा सौम्य राहते. म्हणूनच हिमाच्छादित शिखरांच्या सान्निध्यात येथे लिंबू, संत्री, कॅमेलिया व ताडाची झाडेही वाढतात.

पश्चिम किनारा पिएमोंते प्रांतात व पूर्व किनारा लोम्बार्दी प्रांतात मोडतो. पश्चिम किनाऱ्यावरील स्त्रेझा व अरोना ही दोन्ही गावे नोव्हारा धर्मप्रांतात येतात.

या प्रदेशाचा आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासाशी आणखी एक धागा जुळतो. नागपूरच्या मिशनकार्याची पायाभरणी करणारे संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे मिशनरी १८४५ साली आल्प्सच्या पलीकडील आनेसी येथून भारतात आले. आनेसी हेही सरोवरकाठचेच नगर. ते आज फ्रान्समध्ये आहे. परंतु त्या काळी आनेसी आणि स्त्रेझा या दोन्ही नगरांवर सार्डिनियाच्या एकाच राजाची सत्ता होती. स्वतः संत फ्रान्सिस द सेल्स १६१३ साली मिलानला जाऊन संत चार्ल्स यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आले होते. नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते आणि सेमिनरीचे आश्रयदाते यांचा संबंध असा जुना आहे.

स्त्रेझा

स्त्रेझाचा लेखी उल्लेख दहाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. कित्येक शतके हे मच्छीमारांचे लहानसे गाव होते. नेपोलियनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्स ओलांडणारा सिंप्लॉन रस्ता बांधून घेतला आणि तो याच काठावरून गेला, तेव्हा गावाचे भाग्य पालटले. युरोपातील सरदार, लेखक व चित्रकार येथे उतरू लागले. १८६० च्या दशकात पहिले भव्य हॉटेल उभे राहिले. १९०६ साली सिंप्लॉनचा रेल्वे बोगदा खुला झाला आणि मिलान ते पॅरिस या मार्गावरील प्रवासी थेट स्त्रेझाच्या स्थानकावर येऊ लागले.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेला अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे १९१८ साली येथे राहून गेला, आणि पुढे आपल्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीत त्याने हे सरोवर आणले. एप्रिल १९३५ मध्ये इटली, फ्रान्स व ब्रिटन यांच्या नेत्यांनी समोरच्या बेटावरील राजवाड्यात परिषद भरवून जर्मनीच्या शस्त्रसज्जतेविरुद्ध एकजूट जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले आणि ती एकजूट कोलमडली. सप्टेंबर १९४३ मध्ये स्त्रेझा व अरोना यांच्या मधल्या मेइना गावात नाझी सैनिकांनी एका हॉटेलात आश्रयास असलेल्या १६ ज्यूंना ठार करून त्यांचे मृतदेह सरोवरात टाकले. या शांत पाण्याने हेही पाहिले आहे, हे यात्रेकरूने विसरू नये.

गावाच्या पाठीशी १,४९१ मीटर उंचीचा मोत्तारोने पर्वत आहे. २३ मे २०२१ रोजी तेथील रोपवेचा दोर तुटून १४ जणांचा मृत्यू झाला. एक लहान मुलगा तेवढा बचावला. काठावर फिरताना त्या कुटुंबांसाठी क्षणभर प्रार्थना करावी.

गावातील मुख्य धर्मग्राम मंदिर संत अँब्रोज व संत थिओदुलस यांना वाहिलेले असून ते बोटींच्या धक्क्याजवळच आहे.

इझोला बेला

स्त्रेझाच्या काठापासून अवघ्या चारशे मीटरवर इझोला बेला हे बेट आहे. सतराव्या शतकापर्यंत हा मच्छीमारांच्या झोपड्या असलेला खडक होता. १६३२ साली तिसरा कार्लो बोरोमिओ याने येथे राजवाडा बांधण्यास प्रारंभ केला आणि पत्नी इझाबेला हिच्या नावावरून बेटाला नाव दिले. पुढे त्याचा पुत्र व्हितालियानो याने काम नेटाने वाढवले. बोटीतून पाहिले असता संपूर्ण बेट पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजासारखे दिसावे, अशी ही रचना आहे.

राजवाड्यात चित्रदालने, फ्लेमिश विणकामाचे पडदे आणि नेपोलियन १७९७ साली ज्या दालनात राहिला ते दालन पाहावयास मिळते. तळमजल्यावरील खोल्या सरोवरातील गोट्यांनी व शिंपल्यांनी मढवलेल्या असून उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून त्या बांधल्या गेल्या. बाहेर दहा पायऱ्यांचे चढत जाणारे उद्यान असून त्यात पांढरे मोर मोकळे फिरतात. उद्यानाच्या माथ्यावर घराण्याचे चिन्ह असलेला एकशिंगी घोडा उभा आहे.

घराण्याची आणखी दोन चिन्हे भाविकांनी आवर्जून शोधावीत. पहिले म्हणजे परस्परांत गुंतलेली तीन कडी. त्यांतील कोणतेही एक कडे काढले की उरलेली दोन्ही सुटी होतात. ‘बोरोमिओ कडी’ या नावाने ती गणितातही प्रसिद्ध आहेत आणि पवित्र त्रैक्याचे रहस्य समजावून सांगण्यासाठी धर्मशिक्षक त्यांचा उपयोग करतात. दुसरे चिन्ह म्हणजे ‘हुमिलितास’ हा मुकुट धारण केलेला लॅटिन शब्द. त्याचा अर्थ नम्रता.

सोन्याच्या मुलाम्यात आणि संगमरवरात हा शब्द वाचताना मन थबकते. एवढ्या वैभवात नम्रता कोठे शोधावी? या प्रश्नाचे उत्तर बेटावर नाही; ते अरोनाला आहे. येथे एवढेच लक्षात ठेवावे की या राजवाड्याचा पाया घातला गेला तेव्हा संत चार्ल्स यांना मरण येऊन ४८ वर्षे झाली होती. हा राजवाडा त्यांनी कधी पाहिलाही नाही.

इझोला माद्रे

बेटांपैकी सर्वांत मोठे व सर्वांत शांत बेट हे. बोरोमिओ घराण्याकडे ते १५०१ पासून आले. सोळाव्या शतकातील राजवाडा, जुन्या कठपुतळ्यांच्या रंगभूमीचा संग्रह आणि देशोदेशीच्या वनस्पतींचे उद्यान ही येथील वैशिष्ट्ये.

भारतीय यात्रेकरूला येथे एक ओळखीचे झाड भेटते. राजवाड्यासमोरील विशाल ‘काश्मिरी सरू’ हा हिमालयातून आणलेल्या बियांपासून १८६२ साली लावला गेला. नाव काश्मीरचे असले तरी हा वृक्ष मूळचा भूतान व अरुणाचल प्रदेशाचा. जून २००६ मध्ये वादळाने तो मुळासकट उपटून पाडला. त्याचे लाकूड करण्याऐवजी माळ्यांनी व तंत्रज्ञांनी तो यंत्रांच्या साह्याने पुन्हा उभा केला आणि पोलादी दोरखंडांनी बांधून वाचवला. पडलेल्यास उचलून धीराने आधार देत राहावे, याचा हा पाठ नकळत मिळून जातो.

मच्छीमारांचे बेट

तिसरे बेट इझोला देई पेस्कातोरी, म्हणजे मच्छीमारांचे बेट. लांबी चारशे मीटरहून कमी आणि रुंदी जेमतेम शंभर मीटर. येथे राजवाडा नाही; अरुंद गल्ल्या, मासे सुकवण्यासाठी बांधलेल्या लांब गॅलऱ्या आणि संत व्हिक्टर यांचे छोटे प्राचीन मंदिर आहे. बोरोमिओ बेटांपैकी बाराही महिने वस्ती असलेले हे एकमेव बेट असून तेथे सुमारे पन्नास माणसे राहतात.

दरवर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, मरियामातेची मूर्ती होडीत ठेवून दिव्यांनी सजवलेल्या होड्यांची मिरवणूक बेटाभोवती काढली जाते. आपण भारतात त्याच दिवशी ध्वजवंदन करून मिस्सेला जातो. वसईच्या कोळी बांधवांना तर ही होड्यांची मिरवणूक घरचीच वाटेल.

अरोना : संत चार्ल्स यांचे जन्मस्थान

स्त्रेझाच्या दक्षिणेस सुमारे १६ किलोमीटरवर अरोना आहे. येथील किल्ल्यात २ ऑक्टोबर १५३८ रोजी कार्लो म्हणजेच चार्ल्स यांचा जन्म झाला. १८०० साली नेपोलियनच्या आदेशाने किल्ला पाडण्यात आला. आता टेकडीवर त्याचे अवशेष उरले आहेत.

त्या काळच्या रूढीप्रमाणे बाराव्या वर्षीच एका मठाचे उत्पन्न त्यांच्या नावे करण्यात आले. हा पैसा गरिबांचा आहे, घराण्याचा नव्हे, असे त्या मुलाने वडिलांना बजावल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १५५९ च्या अखेरीस मामा चौथे पायस या नावाने पोप झाले आणि १५६० साली २१ वर्षांच्या भाच्याला त्यांनी कार्डिनल केले. ही नेमणूक नात्यामुळे झाली, हे इतिहास लपवत नाही. परंतु १५६२ साली थोरल्या भावाचे अकाली निधन झाले आणि कसोटीचा क्षण आला. चर्चची सेवा सोडावी, विवाह करावा, घराण्याचा वारस व्हावे, असा नातलगांचा आग्रह होता. चार्ल्स यांनी १५६३ साली गुरुदीक्षा घेतली आणि तो मार्ग कायमचा बंद केला.

त्याच वर्षी ट्रेंटच्या विश्वपरिषदेने, जिच्या अखेरच्या पर्वाचा सारा पत्रव्यवहार चार्ल्स रोमहून सांभाळत होते, १५ जुलै रोजी प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी स्थापण्याचा आदेश काढला. तोवर धर्मगुरूंच्या शिक्षणाची निश्चित व्यवस्थाच नव्हती. मिलानचे आर्चबिशप या नात्याने चार्ल्स यांनी १५६४ मध्येच आपली सेमिनरी सुरू केली. कागदावरचा आदेश प्रत्यक्षात कसा आणावा, हे त्यांनी जगाला दाखवले. म्हणून ते सेमिनरी विद्यार्थ्यांचे आश्रयदाते, आणि म्हणून नागपूरच्या टेकडीवर त्यांचे नाव.

सुधारणांची किंमतही त्यांनी मोजली. १५६९ साली एका संघाच्या असंतुष्ट सदस्याने ते प्रार्थनेस बसले असता त्यांच्यावर गोळी झाडली, ते बचावले. १५७६ साली मिलानमध्ये प्लेगची साथ आली. प्रतिष्ठित लोक शहर सोडून गेले, आर्चबिशप मात्र राहिले. राजवाड्यातील पडदे व कापड फाडून त्यांनी गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी म्हणून चौकाचौकांत वेद्या उभारल्या. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झालेली ज्यांनी अनुभवली, त्यांना या कृतीचे मोल सांगावे लागणार नाही. ३ नोव्हेंबर १५८४ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १६१० साली त्यांना संतपद बहाल झाले. त्यांचा सण ४ नोव्हेंबरला येतो.

घराण्याच्या बोधचिन्हांपैकी त्यांनी स्वतःसाठी ‘हुमिलितास’ हा एकच शब्द ठेवला. १९७८ साली पोप पहिले जॉन पॉल यांनीही हाच शब्द आपले ब्रीद म्हणून स्वीकारला होता.

अरोनाच्या टेकडीवर संत चार्ल्स यांचा तांब्याच्या पत्र्यांचा भव्य पुतळा आहे. त्यांचे चुलतबंधू कार्डिनल फेदेरिको बोरोमिओ यांच्या प्रेरणेने १६१४ मध्ये काम सुरू झाले व १६९८ मध्ये पूर्ण झाले. चौथऱ्यासह त्याची उंची सुमारे ३५ मीटर आहे. आतून पोकळ असल्याने जिन्याने व शेवटी उभ्या शिडीने मस्तकापर्यंत चढता येते आणि पुतळ्याच्या डोळ्यांतून सरोवर पाहता येते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा शिल्पकार बार्थोल्दी याने या पुतळ्याचा अभ्यास केला होता.

धन्यवादित अंतोनियो रोझमिनी

स्त्रेझामध्येच आणखी एका थोर धर्मगुरूची कबर आहे. अंतोनियो रोझमिनी (१७९७–१८५५) हे तत्त्वज्ञ व ‘इन्स्टिट्यूट ऑफ चॅरिटी’ या धर्मसंघाचे संस्थापक. चर्चच्या दुखण्यांवर त्यांनी लिहिलेले ‘पवित्र चर्चच्या पाच जखमा’ हे पुस्तक १८४९ साली रोमने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. भाविक व धर्मगुरू यांच्यातील दुरावा आणि धर्मगुरूंचे अपुरे शिक्षण या त्या जखमांपैकी दोन होत्या. रोझमिनी यांनी निर्णय विनातक्रार मान्य केला आणि चर्चशी असलेले नाते तुटू दिले नाही. अखेरच्या आजारपणात जवळच्या लेझा गावी राहणारे थोर कादंबरीकार मान्झोनी त्यांना भेटायला येत असत. १ जुलै १८५५ रोजी सरोवरकाठच्या घरात त्यांनी देह ठेवला.

मृत्यूनंतर १८८७ साली त्यांच्या लेखनातील ४० विधाने पुन्हा दोषी ठरवली गेली. १ जुलै २००१ रोजी कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीच्या निवेदनाने रोमने तो संशय दूर केला आणि १८ नोव्हेंबर २००७ रोजी नोव्हारा येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांची कबर गावाच्या वरच्या अंगाला रोझमिनी विद्यालयाच्या क्रूसित ख्रिस्ताच्या मंदिरात आहे. आपल्या धर्मग्रामात काही खटकले की दूर होणाऱ्या माणसाने या कबरीपाशी थोडा वेळ थांबावे.

सांता कातेरिना व कान्नोबिओ

पूर्व किनाऱ्यावर उभ्या कड्याला बिलगून सांता कातेरिना देल सास्सो हा आश्रम आहे. बाराव्या शतकात वादळातून वाचलेल्या अल्बेर्तो बेसोत्सी या व्यापाऱ्याने नवस फेडण्यासाठी येथे एकांतवास पत्करला, अशी परंपरा आहे. बोटीने तेथे पोचता येते; वरून येणाऱ्यांसाठी पायऱ्या व लिफ्टही आहे. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळील कान्नोबिओ येथे पिएताचे तीर्थमंदिर आहे. १५२२ साली तेथील एका घरातील चित्रातून रक्त वाहिल्याची श्रद्धा असून मंदिराच्या उभारणीस संत चार्ल्स यांनी चालना दिली.

यात्रेकरूंसाठी सूचना

मिलानच्या मुख्य स्थानकातून दोमोदोस्सोलाकडे जाणाऱ्या रेल्वेने स्त्रेझा सुमारे एका तासावर आहे. अरोना त्याच मार्गावर आधी लागते. सकाळी अरोना पाहून दुपारी स्त्रेझाला जाणे सोयीचे; तीनही बेटांसाठी दुसरा पूर्ण दिवस राखून ठेवावा.

बेटांमधील सार्वजनिक बोटींचे दिवसभराचे तिकीट मिळते. राजवाड्यांचे प्रवेशशुल्क वेगळे असते. राजवाडे साधारणतः मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुले असतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. बोटीने स्विस हद्दीत जायचे असल्यास पारपत्र जवळ बाळगावे. मंदिरांत प्रवेश करताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. इझोला बेलाच्या उद्यानात आणि अरोनाच्या पुतळ्यात पायऱ्या पुष्कळ आहेत. ज्येष्ठांनी इझोला माद्रे व मच्छीमारांचे बेट यांवर समाधान मानावे.

मिलानला परतल्यावर कॅथेड्रलच्या तळघरात संत चार्ल्स यांच्या देहाचे दर्शन घ्यावे. राजवाड्याचा वारसा नाकारलेला माणूस अखेर आपल्या लोकांच्या मंदिराखाली विसावला आहे. तेथे गुडघे टेकताना नागपूरच्या सेमिनरीतील तरुणांसाठी, आणि आपल्या मुलाने धर्मगुरू व्हावे की घराचा वंश चालवावा या विचारात असलेल्या हुडकेश्वरसारख्या वस्त्यांतील आईवडिलांसाठी एक प्रार्थना करावी. चार्ल्स यांच्या घरातही हाच प्रश्न उभा राहिला होता.